पुतळ्याची ऑर्डर

काल दुपारी चौघे आले, चपला घालूनच दुकानात.
म्हणाले, काका, पुतळा हवाय. त्या दिग्दर्शकाचा.
गुरुवारी, टॉकीजच्या दारात.
नुसता जाळायचा नाही,
पोट फाटलं पाहिजे, आतून लाल काहीतरी यायला हवं.
लोकांना कळू दे.

काय कळू दे, ते मी विचारलं नाही.
विचारलं, दिवसा की रात्री?
तिन्हीसांजेला. तेव्हा चॅनेलवाले मोकळे असतात.
आत की बाहेर?
उंबऱ्यावर, काका. आत पोलीस जाऊ देत नाहीत.
चौघांतला एकही हसला नाही.
मी वहीत लिहून घेतलं.

सिनेमा मी पाहिलाय. पहिल्याच आठवड्यात, मॅटिनीला.
शेजारच्या तरलाबेन सोबत होत्या,
त्यांनी चपला हॉलबाहेर काढल्या, त्या परत मिळाल्या नाहीत.
खांब फुटला तेव्हा शिट्ट्या.
नखं आत गेली तेव्हा पुढच्या रांगेतून कुणी चिल्लर उधळली.
साडेसहा मिनिटं आतडी,
मी घड्याळ लावून बघत होतो, धंद्याची सवय,
किती लिटर लागलं असेल.
एक बाई लेकराचे डोळे झाकून बसलेली,
बोटांत फट ठेवून.
जयजयकार झाला.
मग कॅमेरा त्या पोराकडे वळला,
आणि पोरानं ओठ मुडपले, बापाला हाक मारली,
रडलं.
थिएटर एकदम गप्प.
मागून कुणी ओरडलं, बंद करा हे!

रक्ताला कुणाची हरकत नव्हती, मी तिथं होतो.
आता पेपरात वेगळंच येतं: हिंसाचार, भावना, बालमनावर परिणाम.
रावपुऱ्यातले वकील म्हणतात, पुराणात असंच आहे.
सूरसागरच्या कट्ट्यावर म्हणतात, आत टाका त्याला.
माझा जावई म्हणतो, पब्लिसिटी.
आणि आमच्या बडोद्यात तर नरसिंह दर वर्षी नवरदेव होतो,
पोळातून वरघोडो निघतो, बँड, फटाके,
तुळशीकडची मंडळी वाट बघत असतात.
त्या नखांबद्दल लग्नघरात कोण बोलणार.

चौऱ्याऐंशी साली दांडिया बाजारच्या गणपतीत
हाच प्रसंग मी केला होता, हलता देखावा.
एसटीच्या भंगारातली वायपरची मोटर,
सलाइनची नळी, आलता घातलेली साबुदाण्याची पेज.
दर चार मिनिटांनी पोट उघडायचं.
लोक पोरांना खांद्यावर घेऊन उभे.
पहिला नंबर आला, ढाल अजून कपाटावर आहे.
प्रल्हाद म्हणून माझा धाकटा भाऊ सुहास,
हात जोडून, सात ते अकरा.
राक्षसाला झब्बा नव्हता,
आईच्या ट्रंकेतला मी घेऊन आलो.
बाबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

तिसऱ्या रात्री सुहास रडायला लागला, थांबेचना.
सेक्रेटरी खळदकर स्टेजवर चढले, कान धरला, म्हणाले,
प्रल्हाद रडत नाही.
चौथ्या रात्रीपासून प्लास्टरचा बसवला. हसरा.
रंग मीच दिला.

परवा सुहासला भरूचला फोन केला,
सिनेमाचं सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही.
मग विचारलं, दादा, तो झब्बा चौकड्यांचा होता
की रेघांचा?
मला आठवेना.

मोटर अजून चालते. काल रात्री तेल घालून फिरवून बघितली,
थोडी कुरकुरते, पण चालते.

चौघांतला उंच मुलगा खळदकरांचा नातू.
पाचशे आगाऊ दिले त्यानं, पावती मागून घेतली.
पायरी उतरत होता तेव्हा मी हाक मारली,
अरे, पुतळ्याला कपडे कुणाचे घालू?
कुणाचेही घाला हो काका, म्हणाला,
जुने असले म्हणजे झालं.